सहीचा कागद आणि ट्रंकेतली पुडी

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत)

कोल्हापुरातल्या एका पेठेत राहणाऱ्या, ४७ वर्षांच्या ताईंचं हे पत्र आहे. यजमान पेठेतल्या तालमीच्या कमिटीवर आहेत. थोरली मुलगी लग्न होऊन सासरी गेली. धाकटा मुलगा २० वर्षांचा, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. तीन आठवड्यांपूर्वी त्याची जीन्स धुवायला टाकताना खिशात प्लॅस्टिकची छोटी पुडी सापडली. आत वाळका हिरवट पाला, सोबत पातळ कागदांचं पाकीट. गांजाच असणार हे ताईंना कळलं. त्यांनी पुडी ट्रंकेत, पैठणीच्या घडीखाली ठेवली. मुलाला काही बोलल्या नाहीत. नवऱ्याला तर नाहीच.

त्याच आठवड्यात पेठेतली दोन पोरं नशेच्या प्रकरणात पकडली गेली. तालमीत बैठक झाली. आमदारांना निवेदन द्यायचं ठरलं : ‘अंमली पदार्थ जवळ सापडल्यास, प्रमाण कितीही असो, किमान १० वर्षे सक्तमजुरी व्हावी, जामीन मिळू नये, असा कायदा राज्य सरकारने करावा.’ गल्लीतल्या बायकांच्या सह्या गोळा करायचं काम ताईंकडे आलं. २६ सह्या झाल्या आहेत. त्यांची स्वतःची अजून नाही.

त्या लिहितात : “सही केली तर पोटच्या पोराला मीच आत घातल्यासारखं होईल. नाही केली तर बाकीच्या आयांशी बेइमानी. ह्यांना सांगितलं तर हे पोराला मारतील, नाहीतर स्वतः पोलिसात नेऊन उभं करतील. रात्र रात्र झोप नाही. मी काय करू?”

उत्तर

ताई,

आधी पुडीचं बोलू, कारण बाकी सगळं चार दिवस थांबेल, ते थांबणार नाही.

ती पुडी आज तुमच्या मुलाजवळ नाही. तुमच्याजवळ आहे. तुमच्या ट्रंकेत, तुमच्या कुलपात, काय आहे ते ठाऊक असताना ठेवलेली. कायदा ज्याला ‘ताबा’ म्हणतो तो हाच : जाणूनबुजून जवळ बाळगणं. तुम्ही ज्या कागदावर बायकांच्या सह्या घेत फिरता आहात, तो उद्या कायदा झाला तर त्याखाली पहिली १० वर्षं तुम्हाला होतील. हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. ‘जवळ सापडणे’ हा शब्द केवढा मोठा आहे आणि त्यात कोण कोण येऊन बसतं, हे तुमच्याच घरातून दिसतंय म्हणून लिहितेय. एखाद्या ओळखीच्या वकिलाला आजच फोन करा आणि त्यांच्या सल्ल्याने त्या पुडीचा निकाल लावा. कुणाच्या हाती देऊ नका, मुलाला परत तर मुळीच नको. पैठणीखाली ती आणखी एक रात्रही राहता कामा नये.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही दोनच वाटा मांडल्या आहेत : आई व्हायचं की पेठेशी इमान राखायचं. मला वाटतं हा तिढा तुमच्या मनात नाही, त्या कागदात आहे. कागद लिहिणाऱ्यांनी दोन वेगळी माणसं एका ओळीत बसवली. एक एमडी, म्हणजे मेफेड्रोन नावाची रासायनिक नशा, विकून शाळेच्या फाटकाबाहेर पोरं नासवणारा. दुसरा, दोस्तांबरोबर रंकाळ्याच्या कडेला बसून कश मारणारा तुमचा मुलगा. दोघांनाही ‘जवळ सापडला’ म्हणता येतं. दोघांना एकच शिक्षा मागायची का, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर शोधायला तुम्हाला आईपण बाजूला ठेवावं लागत नाही.

पेठेचा राग खोटा नाही, हे आधी म्हणते. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी शेकडो किलो एमडी पकडलं, कुरकुंभच्या कारखान्यापासून निघालेले धागे आपल्या शेजारी सांगलीच्या कुपवाडपर्यंत आले. पदार्थ दूर कुठे मुंबईत असतो, असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही. ज्या आईने तुमच्या कागदावर सही केली, ती भेदरलेली आहे. तिला चूक म्हणणं मला जमणार नाही. पण भेदरलेल्या माणसाने लिहिलेला मजकूर सही करण्याआधी एकदा नीट वाचून घ्यावा लागतो.

तर वाचू या. आज कायदा काय म्हणतो? देशभर एकच मुख्य कायदा आहे, १९८५ चा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात. त्यात वजनाचा हिशेब आहे. गांजा १ किलोपर्यंत असेल तर ते ‘अल्प प्रमाण’. शिक्षा १ वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १ किलोच्या वर आणि २० किलोच्या आत १० वर्षांपर्यंत. २० किलोच्या वर ‘व्यावसायिक प्रमाण’, तिथे किमान १० वर्षं, जास्तीत जास्त २०, आणि जामीन मिळणं महाकठीण. म्हणजे तालमीला जी शिक्षा हवी आहे ती कायद्यात आहेच, व्यापाऱ्यासाठी. १ किलो म्हणजे केवढं, तर बाजारातला गुळाचा लहान रवा डोळ्यांसमोर आणा. तुमच्या ट्रंकेतली पुडी त्याच्या कितीतरी खाली आहे.

एमडीची मापं मात्र फार बारीक आहेत. तिथे अल्प प्रमाण म्हणजे अवघे २ ग्रॅम. ५० ग्रॅमच्या वर व्यावसायिक प्रमाण लागतं. वर सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगून ठेवलंय की भेसळीसकट सगळं वजन धरायचं, नुसता शुद्ध पदार्थ नव्हे. आपल्या पोरांना हे ठाऊक नसतं. ‘थोडंसंच तर आहे’ म्हणणारा मुलगा १० वर्षांच्या कलमात कधी शिरला हे त्याला कोर्टात कळतं. हे वाचणाऱ्या प्रत्येक घरात हे वाक्य मुलांना ऐकवलं जावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आणि आणखी एक. हा वजनाचा हिशेब कुणी मवाळपणाने आणलेला नाही. १९८५ च्या मूळ कायद्यात बहुतेक गुन्ह्यांना किमान १० वर्षं होती, जवळपास तुमच्या निवेदनासारखीच. थोडा माल ‘स्वतःसाठी होता’ हे आरोपीने सिद्ध केलं तरच कमी शिक्षा. सोळा वर्षं देशाने ते करून पाहिलं. मग २००१ मध्ये संसदेनेच कायदा बदलला, तस्कराला जबर आणि व्यसनी माणसाला सौम्य शिक्षा असावी असं स्पष्ट कारण देऊन. तालीम आज जे मागतेय ते नवं औषध नाही. एकदा दिलं गेलं, आणि ज्यांनी दिलं त्यांनीच ते मागे घेतलं.

मी बरीच वर्षं वकिली केली, त्यातली काही मोफत विधी सेवेच्या पॅनेलवर. एक पोरगं आठवतं. खिशात ४० ग्रॅमच्या आत गांजा, वय तुमच्या मुलाएवढंच. जामीन मंजूर झाला, पण जामीनदार मिळेना. नात्यात कुणाला कळू द्यायचं नव्हतं ना. तो आतच राहिला. आई दर तारखेला यायची. पिशवीत स्टीलचा डबा, वर फडकं घट्ट बांधलेलं. डबा मुलाला देता येणार नाही हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तरी आणायची. तारीख पडली की व्हरांड्यातल्या बाकावर बसून गाठ सोडायची आणि शेजारी जी कुणी बाई असेल तिच्यापुढे भाकरी धरायची. “घ्या हो, त्याच्या वाटची हाय,” म्हणायची. पोरगं सुटलं तेव्हा त्याची परीक्षा गेलेली होती आणि बराकीतल्या ओळखीतून एमडी कुठे मिळतं हे कळलेलं होतं. ज्याने त्याला पुडी विकली, त्याचं नाव त्या सगळ्या कागदांत कुठेही नव्हतं. पुढे एकदा मी त्या आईला विचारलं, आता कसा आहे? ती काही बोलली नाही. नुसता हात हलवला.

म्हणून ‘शिक्षा वाढली की पोरं वाचतील’ हे मला पटत नाही. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या पाहणीत देशात सुमारे ३ कोटी १० लाख लोक भांग, गांजा, चरस यांपैकी काही ना काही घेतात असं निघालं. यातली भांग एनडीपीएसच्या कक्षेत येत नाही, ती वगळली तरी उरतात ती माणसं सव्वा कोटीच्या पुढे. कळंब्याच्या तुरुंगाच्या भिंती कितीही लांबवल्या तरी एवढी माणसं मावायची नाहीत. मग आत कोण जाईल? ज्याच्याकडे वकील नाही, ओळख नाही, तो. आणि बाहेर जो राहील त्याच्याकडून ‘मिटवून देतो’ म्हणत पैसे काढणारे मधले लोक तयार होतील. शिक्षा जितकी मोठी, तितका मिटवायचा भावही मोठा.

तुम्हाला एक आठवण करून देते. आपल्याकडच्या बायकांनी गावोगाव ‘आडवी बाटली’ केली. ऊन्हातान्हात मतदानाला रांगा लावल्या, निम्म्याहून जास्त बायकांनी कौल दिला की दुकान बंद. त्यांच्याइतकं व्यसनाने कुणाचं घर जळालं असेल? तरी त्यांनी काय मागितलं? दुकान बंद करा. पिणाऱ्या नवऱ्याला १० वर्षं आत टाका, असं मागितलं नाही. त्यांना माहीत होतं की नवरा आत गेला तर चूल त्यांचीच विझणार. त्या बायकांना धंदा आणि माणूस यांतला फरक कळला होता. तुमच्या कागदावर सह्या करणाऱ्या २६ जणींपैकी दोघी-तिघींनी तेव्हा मत दिलेलं असेलच, त्यांना विचारून बघा.

दुसरं आपल्याच गावचं. ब्रिटिशांच्या कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या होत्या, रोज चावडीवर हजेरी द्यायची, नाही दिली तर शिक्षा. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात ती हजेरी बंद केली आणि त्याच लोकांना पहाऱ्याची, नोकरीची कामं दिली. वरच्या सरकारचा शिरस्ता वेगळा असताना कोल्हापूरने स्वतःच्या अखत्यारीत शिक्षेची पद्धत बदलून दाखवली. नशेचा प्रश्न आणि हा प्रश्न एक नव्हे, हे मला कळतं. पण ‘कडक वागल्याशिवाय लोक सुधारत नाहीत’ हे खोटं असल्याचं कोल्हापूरच्या मातीत शंभर वर्षांपूर्वीच तपासून झालंय, एवढं म्हणायला हरकत नाही.

‘राज्य सरकारने असा कायदा करावा’ या वाक्यातही एक गाठ आहे. एनडीपीएस हा संसदेचा कायदा. फौजदारी कायदा आणि अंमली पदार्थ हे विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत येतात, त्यामुळे राज्याला हात लावता येतो. पण केंद्राच्या कायद्याशी विसंगत काही करायचं तर घटनेच्या २५४ व्या अनुच्छेदाप्रमाणे राष्ट्रपतींची मंजुरी लागते. धंदेवाल्यांच्या बाबतीत राज्याने पाऊल टाकलंय : २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात विधिमंडळाने मकोकात, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात, दुरुस्ती करून अंमली पदार्थांच्या धंद्याचे गुन्हे त्यात आणले. सेवन करणाऱ्याच्या बाबतीत राज्य काय करू शकतं याचा नमुना सिक्कीमने घालून दिला. त्यांनी २००६ मध्ये स्वतःचा कायदा केला, आधी कडक. पुढे त्यातच दुरुस्त्या करून विकणारा वेगळा आणि घेणारा वेगळा धरला, घेणाऱ्याला उपचारांकडे वळवायची सोय केली. छोटं डोंगरी राज्य, पण अनुभवाने शहाणं झालेलं.

तालमीत कुणीतरी म्हणेल, मग काय मोकळं सोडायचं? नाही. आणि इथे मी तुमच्यापासून दुसरी बाजू लपवणार नाही. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०२० मध्ये लोकांच्या मताने ठरवलं की स्वतःपुरता पदार्थ जवळ असणं हा फौजदारी गुन्हा नाही, १०० डॉलर दंड पुरे, आणि उपचारांसाठी फोन केला तर तोही माफ. २०२१ मध्ये ते सुरू झालं. पण उपचारांची केंद्रं वेळेवर उभी राहिली नाहीत, फोन करणारे फार थोडे निघाले, रस्त्यावर उघड नशा दिसू लागली आणि लोक चिडले. २०२४ मध्ये तिथल्या विधिमंडळाने ताबा पुन्हा गुन्हा केला, उपचारांची वाट शिल्लक ठेवून. पोर्तुगालने २००१ पासून हेच वेगळ्या क्रमाने केलं. १० दिवस पुरेल एवढा पदार्थ जवळ असेल तर कोर्टाऐवजी एका समितीपुढे जायचं, तिथे कायदा, आरोग्य आणि समाजकार्यातली माणसं बसलेली, ती त्याला उपचारांशी जोडून देतात. ती वाट तिथे अजून चालू आहे. शिक्षा हलकी करायची असेल तर दवाखान्याचं दार आधी उघडावं लागतं. नुसती शिक्षा काढली तर पोरगं रस्त्यावरच राहतं. नुसती वाढवली तर ते बराकीत जातं.

तुम्हाला कदाचित कुणी सांगितलं नसेल, असं एक दार आपल्या कायद्यात आजही आहे. एनडीपीएसचं ६४-अ कलम. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले तर त्याच्यावर खटला चालवायचा नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत जाते. कलम ३९ आहे, दोषी ठरल्यावरही न्यायालय त्याला तुरुंगाऐवजी उपचारांसाठी सोडू शकतं. पण यात एक खोट आहे. कायद्याच्या व्याख्येत व्यसनी म्हणजे ज्याचं शरीर-मन त्या पदार्थावर अवलंबून झालंय तो. जो अजून तिथवर पोचला नाही, जो चार वेळा कश मारून पाचव्या वेळी पकडला गेला, त्याच्यासाठी हे दार नीट उघडत नाही. ज्याला थांबवणं सगळ्यात सोपं, त्यालाच कोर्टाच्या पायऱ्या. मला विचाराल तर आमदारांकडे काही मागायचं असेल तर ही खोट दुरुस्त करायला सांगा.

आता घरातलं. ‘बोलले नाही म्हणून पोरगं सुरक्षित आहे’ असं तुम्ही धरून चालला आहात. तीन आठवडे तो खिशातली पुडी गेली म्हणून शोधतोय, ताई. तुम्हाला सापडली असेल हे त्याला कळलेलं आहे. तोही रात्री जागाच असणार. दोघं एकाच घरात एकमेकांपासून लपून बसला आहात.

बोलताना समोर बसवून चौकशी करू नका. त्याच्या गाडीवर मागे बसा, काहीतरी काम काढून गंगावेशीकडे जा, दूध कट्ट्यावर शेजारी उभं राहून बोला. शेजारी उभं असलं की डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, पोरं बोलतात. “मला सापडलं. मी कुणाला सांगितलेलं नाही. मला भीती वाटते,” एवढीच तीन वाक्यं पुरे. शपथा घालू नका, अंबाबाईचं नाव मध्ये आणू नका. मग विचारा : कधीपासून, किती वेळा, गांजाच की आणखी काही, उधारी झाली आहे का. शेवटचा प्रश्न सोडू नका. उधारीतूनच पोरांना ‘एवढी पुडी त्याला पोचव’ सांगितलं जातं, आणि पोचवणारा कायद्याच्या नजरेत घेणारा राहत नाही.

उत्तर काहीही आलं तरी एकदा डॉक्टरांना दाखवा. सीपीआर या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, तिथे केसपेपर काढून जाता येतं. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १४४१६ वर टेली-मानस आहे, दोन्हीकडे मराठीत बोला. डॉक्टर पोलिसांना कळवतील ही भीती काढून टाका, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक केलंय. गांजा घेणाऱ्या दहांतल्या साधारण एकाला त्याचं व्यसन जडतं, कोवळ्या वयात सुरू केलं तर शक्यता वाढते, आणि घरात कुणाला पूर्वी वेड लागल्याचा, भास होण्याचा आजार झाला असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. सोडल्यावर आठ-पंधरा दिवस झोप येत नाही, चिडचिड होते, जेवण जात नाही. त्या दिवसांत पोरगं उद्धट झालंय असं समजून भांडू नका. एक मात्र बजावून सांगते. ‘सहा महिने आत ठेवतो, सरळ करून देतो’ म्हणणाऱ्या केंद्रात मुलाला टाकू नका. नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतात का, आईला भेटू देतात का, हे तीन प्रश्न विचारा. एकाचंही उत्तर टाळलं तर परत फिरा.

यजमानांना सांगायचं आहेच. निवेदन आमदारांच्या हाती जाण्याआधी सांगायचं आहे, कारण नंतर कळलं तर त्यांना सगळ्या तालमीपुढे फसवल्यासारखं वाटेल, आणि ते वाटणं बरोबर असेल. पण मुलाशी आणि डॉक्टरांशी बोलणं झाल्यावर. तुमचे भाऊ असतील तर त्यांना बोलावून घ्या. मामा समोर असला की बापाचा हात उठत नाही. “आपलं पोरगं गांजा ओढतं” असं सुरू करण्यापेक्षा “डॉक्टरांना दाखवलंय, त्यांनी असं असं सांगितलंय, तुमची मदत लागणार आहे” असं सुरू करा. कमिटीवरच्या माणसाला काहीतरी करायला दिलं की तो करतो. तालमीच्या वस्तादांना सांगायचं की नाही ते बाप-लेकाने मिळून ठरवू दे. पहाटे पाचला आखाड्यात उतरणारं पोरगं रात्री उशिरा कट्ट्यावर बसत नाही, हेही खरंच आहे.

आणि इतक्यात कधी पोलिसांनी पकडलंच, तर घाबरून कुठल्याही कागदावर सह्या करू नका, कुणा मध्यस्थाला पैसे देऊ नका. अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर घ्या म्हणायचा हक्क एनडीपीएसच्या ५० व्या कलमाने दिलेला आहे. २४ तासांत कोर्टापुढे हजर करावंच लागतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट देतं, १५१०० वर फोन लागतो. अल्प प्रमाणात जामिनाची ती कडक अट लागत नाही. आणि जामीनदार कोण राहील हे आजच मनात ठरवून ठेवा. त्या डबा आणणाऱ्या आईची मला म्हणूनच आठवण झाली.

राहिला सहीचा कागद. तो टाळून, ‘माझी राहून गेली बघा’ म्हणून तुम्हाला सुटता येईल, पण २६ जणींच्या सह्या तुम्ही घेतल्या आहेत, त्या तुमच्या शब्दावर दिलेल्या आहेत. मला वाटतं तुम्ही त्याच बायकांना पुन्हा एकदा एकत्र बसवावं. घरचं काही सांगायची गरज नाही. हळदी-कुंकवाला बसतात तसं बसा आणि कागद मोठ्याने वाचा. मग विचारा, आपल्यापैकी कुणाच्या पोराच्या, भाच्याच्या, दिराच्या दप्तरात काय आहे, हे कुणाला छातीठोक सांगता येईल का. मजकूर बदलायचा झाला तर माझ्या मते असा असावा : विकणाऱ्यावर आणि कारखान्यावर कठोर कारवाई करा, शाळा-कॉलेजच्या आसपासचे अड्डे उठवा. पहिल्यांदा अल्प प्रमाणात सापडलेल्या पोराला, तो व्यसनी ठरो वा न ठरो, खटल्याआधी समुपदेशनाची आणि उपचारांची संधी मिळेल असा बदल राज्याने करावा, आणि त्यासाठी केंद्राची मंजुरी लागत असेल तर ती आणावी. त्याच कायद्याचं ७१ वं कलम राज्याला व्यसनमुक्ती केंद्रं काढायचा अधिकार देतंच, तर कोल्हापूर जिल्ह्यात तरुणांसाठी खाटा असलेलं सरकारी केंद्र द्यावं. ही शेवटची मागणी आमदारांना खरोखर पुरी करता येण्यासारखी आहे, म्हणून ती सोडू नका.

तालमीने नवा मजकूर घेतला नाही, जुन्यावरच अडून राहिली, तर निदान एक मागा. निवेदनातले ‘प्रमाण कितीही असो’ हे शब्द खोडायला सांगा आणि जामिनाची ओळ व्यावसायिक प्रमाणापुरती ठेवायला सांगा. तेवढं झालं तर २७ वी सही करा, आणि पेन खाली ठेवून मुलाला घेऊन सीपीआरला जा.